शेंदराची खूण

डिंभ्याच्या वर, आपलं घर
मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५

ती. सुभाषदादा,

पाया पडतो. इकडं समदी बरी हायेत, असं लिवायची रीत हाय म्हणून लिवतो. भात लावून झाला. भुऱ्या बैलाचा पाय सुधारला. वहिनीनं तुझे दोन शर्ट अन् स्वेटर धुवून ठेवलाय. पर्यटकांना नदीत सोडायच्या ट्यूबांची हवा काढून समद्या माळ्यावर टाकल्यात. लाइफ जाकिटं पोलिसांनी नेली ती अजून आली नाहीत.

शुक्रवारी जामिनाच्या तारखेला वहिनी अन् मी येतो. आबा येणार नाय. गुडघ्यामुळं नाय येत, असं लिवणार व्हतो. गुडघ्यामुळं नाय.

वकील सांगत व्हता, तू पोलिसांना म्हणालास, "शेंदूर कोरडा दिसला मला. माझीच नजर चुकली असंल." दादा, तुझी नजर चुकली नाय. त्या रविवारी नदीवर तू दोनदा थांबलास. पाण्याचा आवाज लई येतोय म्हणालास. मीच म्हणालो, पाण्यातल्या देवींच्या, आसरांच्या धोंड्यावरला शेंदूर कोरडा हाय, चल. तू वाकून बघितलास, खरंच कोरडा व्हता. मग अकरा जणांना ट्यूबांवर बसवलंस अन् रानातल्या त्या वळणावर, उंबराच्या मुळात, ती श्रेया अडकली. एकोणीस वर्षांची पोरगी. तू तिसऱ्या बुडीला तिला वर काढलंस, तवर ती गेली व्हती. तिचे ओले केस तुझ्या मनगटाला गुंडाळलेले, ते मला अजून दिसत्यात. जेवण जात नाय.

आबाचा नेम तुला ठाऊकच हाय. पाणी शेंदराला लागलं की नदीत कुणी उतरायचं नाय. वैशाखात पाणी आटलेलं असतं तवा जुन्या खुणेवरच नवा हात द्यायचा. यंदा आबानं ते काम मला सांगितलं. मी मोबाइलवर ट्यूबिंगचे व्हिडिओ टाकत बसलो. उद्या लावू, परवा लावू. अन् यंदा पाऊस मे महिन्यातच आला. मी शेंदूर-तेल घेऊन गेलो तवर जुनी खूण पाण्याखाली गेलेली. मग हात पोचला तिथं, पाण्याच्या वर, दीड वीत वरती फासला. घरी येऊन म्हणालो, लावला. आबा म्हणाला, शहाणा माझा.

मला ठाऊक व्हतं रे. एवढे रविवार नीट गेले म्हणून वाटलं, काय व्हतंय. पर्यटक मला गाईडसाहेब म्हणायचे, लई बरं वाटायचं. पाणी काही खाली जाईना, म्हणून खालची जुनी खूण कुणाला दिसली नाय. एकदा तुला सांगायला तोंड उघडलं व्हतं, तू जाकिटांचे पट्टे तपासत व्हतास. राहून गेलं.

आता चार दिवस उघडीप हाय. काल आबा काठी टेकत नदीवर गेला. पाणी उतरलं अन् धोंड्यावर दोन शेंदूर दिसले. खाली आबाचा, वर्षानुवर्षांचा जाड थर. वर माझा. आबानं मधल्या जागेवर वीत टाकून मोजली. घरी आला, पाणी प्याला नाय, सरळ मला विचारलं, "हा शेंदूर कुणी लावला?"

मी म्हणालो, दादानं.

म्हणालो, मला वेळ नव्हता, तर दादा म्हणाला मी लावतो. एवढं सगळं म्हणालो. कसं सुचलं, माझ्या जिभेला किडे पडू देत. तू आत हायेस म्हणून तुझ्यावर ढकलणं सोपं व्हतं. आबानं भिंतीवरला तुझा फोटो उतरवला. म्हणाला, देवीची खूण हलवली त्यानं, त्याचं तोंड बघायचं नाय मला. वहिनी चुलीपुढं ऐकत व्हती. तिनं तुझा स्वेटर परत पेटीत ठेवला.

दादा, मला भ्या वाटतंय. आबाचं वाटतंय, त्या पोरीच्या बापाचं वाटतंय, तुझं लई वाटतंय. खोटं सांगून तुला सोडवता येत नाय अन् खरं सांगायला पाय उचलत नाय.

आबा समोर ओट्यावर बसलाय. त्याला वाचता येत नाय. मघाशी विचारलं, काय लिवतोस एवढं? म्हणालो, वाचून दाखवतो. आता उठतो. तुमच्या तिथं पत्रं उघडून बघत्यात म्हणं, तर बघू देत. हे तुझ्या हातात पडलं तर समज, आबानं पहिल्या ओळीपासून ऐकलंय. नाही पडलं, तर मी अजून तोच हाय.

शेंदूर लावणारा,
सुनील