सुटकेचे पेढे

अण्णा, तुम्ही सुटकेचे पेढे घेत नव्हता, हे रत्नागिरीच्या कोर्टात सगळ्यांना ठाऊक होतं. निर्दोष सुटलेला अशील पेढे घेऊन आपल्या ओटीवर यायचा आणि तुम्ही त्याला शांतपणे सांगायचात, सरकारची अपिलाची मुदत संपू दे, मग आण. आपला कारकून म्हणायचा, पेढ्यांना बुरशी यावी म्हणूनच सरकारने एवढी लांब मुदत ठेवलीय. मी तुमच्या हाताखाली नुकती वकिली सुरू केली होती. वडील म्हणून नाही, पण वकील म्हणून तुम्ही मला जरा कोरडेच वाटायचात.

मग मिरकरवाड्यातल्या त्या तांडेलाचा, मासेमारी होडी चालवणाऱ्याचा, खटला आला. आरोप असा, की जाळ्यांवरून भांडण झालं आणि ह्याच्या कोयत्याच्या घावाने दुसऱ्याचा हात मोडला. साक्षीदार एकमेकांशी जुळेनात, म्हणून मॅजिस्ट्रेटने त्याला सोडलं. त्याच्या बायकोने आणलेले पेढे तुम्ही परत पाठवलेत. मुदत संपत आली असताना सरकारने हायकोर्टात अपील केलं.

ती दोघं नवरा-बायको ओटीवर येऊन बसली. तांडेल होडी विकायला निघाला होता. आपण जन्माचे गेलो तर बायको ते पैसे घेऊन मालगुंडला तिच्या भावाकडे तरी राहील, असा त्याचा हिशेब. मी त्याला धीर देत होतो, की सुटका अशी सहज उलटत नाही. तुम्ही मला हातानेच थांबवलंत. सुटका उलटू शकते, म्हणालात, आणि उलटली तर खटला पुन्हा इथे चालेलच असं नाही, हायकोर्ट स्वतःच शिक्षा देईल.

"म्हंजे काळं पानी?" त्याने विचारलं.

"कलमात ते आहे. पण तुझा खटला ज्या मॅजिस्ट्रेटपुढे चालला, त्याला दोन वर्षांच्या वर शिक्षा देता येत नव्हती. अपील ऐकणारे त्याच्याच जागी बसतात. त्याला जे देता आलं नसतं, ते त्यांनाही देता येऊ नये, असं माझं म्हणणं. ते मानतीलच, असं मी सांगत नाही."

"मंग तुमी सांगताव तरी काय, वकीलसाब?" बायको चिडून म्हणाली.

"होडी विकू नका. दीराच्या हाती द्या. दोन वर्षांची सोय लावा."

तुम्ही आगबोटीने मुंबईला गेलात आणि तिथल्या वकिलाला तो एकच मुद्दा पुन्हा पुन्हा समजावलात. सुटका उलटली. सरकारी वकिलाने जबर शिक्षा मागितली; न्यायमूर्तींनी तुमच्या मुद्द्यावर काही निर्णय दिला नाही, पण शिक्षा दिली ती दीड वर्षाची. बाररूममध्ये लोक हळहळले. मला मात्र त्या दिवशी कळलं, की ओटीवर तुम्ही त्या माणसाला धीर दिला नव्हता, त्याचं घर वाचवलं होतं.

तुरुंगातून सुटल्यावर तो आपल्याच होडीवर गेला आणि नंतर पेढे घेऊन आला. कारकुनाने विचारलं, अण्णा, हरलेल्या खटल्याचे? तुम्ही एक उचलून तोंडात टाकलात.

"आता ह्यावर अपील नाही," म्हणालात.

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. आज माझा एक अशील सुटला. त्याची म्हातारी आई पेढे घेऊन आली, तेव्हा मुदत संपू दे, हे तुमचंच वाक्य मी तिला ऐकवलं, होडीची गोष्टही सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पेढा माझ्या हातावर ठेवला. मुदत अजून पुरती शिल्लक आहे, अण्णा. मी तो खाल्ला.