काउंटरच्या खणातला रिपोर्ट

७ मार्च

चिमे,

अनेक आशीर्वाद. तुझी बातमी पोचली. तिसरा महिना म्हणजे आता उलट्या कमी व्हायला हव्यात. आई असती तर तुझ्या दारात बॅग घेऊन थडकली असती. दुकान ठीक चाललंय. हल्ली कापड मी कापत नाही, कारागीर कापतो. मी मापं घेतो आणि गप्पा मारतो. त्यातही टेप हातातून सुटते, पण गिऱ्हाइकं भली आहेत, कुणी बोलत नाही.

बाबांची शेवटची वर्षं तुला आठवतात? चालताना भेलकांडायचे, खांदे आपोआप उडायचे, सरळ शिवण जमेना. आपण सगळ्यांनी ठरवून टाकलं, बाबा पितात. आई रोज संध्याकाळी त्यांचं तोंड हुंगायची. वास यायचा नाही, तर म्हणायची, "पक्के आहेत, काहीतरी चघळून येतात." मी तर एकदा गिऱ्हाइकांदेखत त्यांना दुकानाबाहेर काढलं. त्यांनी थेंबसुद्धा घेतला नव्हता गं.

तो आजार होता. बापाकडून पोराकडे येणारा. आजोबा पिऊन जिन्यावरून पडले म्हणतात, आता मला त्याचीही शंका येते. मला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, एवढं वाईट दुखणं माणसाच्या जातीत हजारो वर्षं टिकलं कसं? त्या म्हणाल्या, "लहानपणीच मारलं असतं तर त्याला पुढे जायला वावच मिळाला नसता. हे बहुधा चाळिशीत डोकं वर काढतं. तोवर पोरंबाळं झालेली असतात. त्यापुढे माणसाचं काय होतं, याच्याशी निसर्गाला देणंघेणं नाही."

प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, निम्मा धोका. माझं रक्त तपासलं. माझ्यात आहे.

इतकं लिहायला चार दिवस लागले, आणि खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. गेल्या वर्षी तू दुकानात आली होतीस. म्हणालीस, "दादा, आम्ही मुलाचा विचार करतोय. बाबांचं ते दारूमुळेच ना?" मी म्हटलं, "दुसरं काय? उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस." तेव्हा माझा रिपोर्ट आठ दिवस काउंटरच्या खणात पडून होता. तू त्या खणाला टेकूनच उभी होतीस.

तुला जपायला गप्प बसलो, असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. माझं लग्न झालं नाही, आता होणारही नाही. मला मामा व्हायचं होतं. तुझ्या जिवावर मी माझी हौस भागवली. लाज वाटते.

तुझ्यात नसेलही. पण तू लिहितेस, "हल्ली हातातून कप निसटतात, थकवा असेल." ती एक ओळ मी सारखी वाचतोय. थकवाच असेल.

डॉक्टरीणबाईंचा पत्ता मागे लिहिलाय. आधी तुझं रक्त बघतील, मग हवं तर पोटातल्या बाळाचं. त्याला मुदत असते आणि दिवस थोडे आहेत. करायचं की नाही, ते तू आणि मेव्हणे ठरवा. मला विचारू नकोस. एकदा विचारलंस, तेवढं पुरे झालं.

तू जाब विचारायला आलीस तरी दार उघडणारा,
दादा