चार पत्र्यांची किंमत

लोणावळा, मंगळवार संध्याकाळ

चार जुने पत्रे. दुकानामागे पडून होते, मला काही मोजावं लागलं नाही. ठमाबाईला मात्र ते एका घराएवढे महाग पडले.

घरकुलाच्या सर्वेला साहेब तिच्या वलवणच्या वाडीवर येणार, म्हणून काय तयारी करायची ते विचारायला ती दुकानात आली होती. मी तोऱ्यात म्हटलं, "मावशी, सरकारी माणसाला काय दाखवायचं ते या भाईला विचारायचं." फाटकं प्लास्टिक काढून हे पत्रे टाका, पाहुण्यासमोर लाज नको. पाहुणा येणार म्हटलं की वाडीत झोपडी सारवतातच, त्यातलंच हे एक वाटलं मला. साहेबांनी फोटो काढला आणि 'पक्कं छप्पर' लिहून गेले.

आज घरकुलाची यादी लागली. संध्याकाळी ती पत्रे डोक्यावर घेऊन दुकानात आली.

"भाई, ह्ये तुमचं पत्रं. लय कामाला आलं. सायब बी म्हनला, घर चांगलं हाये. मंग नाव का न्हाई आलं?"

टोमणा असता तर माझ्या कानांनी पकडला असता. नव्हता. पक्क्या छपराला घरकुल मिळत नाही, हे तिला खरंच कळलेलं नाही, आणि माझ्याच्याने सांगवलं नाही. पत्रे तरी परत का घेतले मी?

तिची जाऊ शेजारीच राहते, प्लास्टिकखाली. ती मला विचारायला आली नव्हती. तिचं नाव यादीत आहे.