बारा नंबरचा चमचा

१२ नोव्हें. २००५, शनि.
आमच्या युनिव्हर्सिटीची टीम हरली. ज्यांच्याकडून हरायचं नसतं त्या पलीकडच्या युनिव्हर्सिटीकडूनच. मॅच संपून तास झाला तरी आमच्याकडे बघायला आलेली पाचही मराठी पोरं सोफ्यावरून हलेनात. पोहे दोनदा केले. परत विचारलं तेव्हा रिकामी कढई दाखवली.
सगळा राग बारा नंबरवर. क्वार्टरबॅक तो, बॉल त्याने फेकायचा. तीनदा समोरच्यांच्या हातात फेकला. निखिल म्हणे, "यार, प्रेशर आलं की हात कापतात त्याचे. बेंचवर बसवा." हा नागपूरचा, सिमेंटवर पीएच.डी. करतोय. तीन वर्षांपूर्वी मलाच विचारत होता, काकू, फुटबॉल म्हणतात तर पायाने का नाही खेळत. आता बसवा म्हणे.
आमचे हे त्याच्या वर. "मी कोच असतो तर हाफटाइमलाच काढला असता." तळघरातून धुण्याची टोपली आणताना दोनदा टेकतात.
मी कढई घासायला घेतली. खरं कारण मला माहीत होतं.

१३, रवि.
काय माहीत होतं ते लिहून ठेवते. युनिव्हर्सिटीच्या मेसमध्ये खेळाडूंचे नाश्त्याचे ट्रे मी लावते. बारा नंबर बुधवारी ओट्सची लापशी डाव्या हाताने खात होता. चार वर्षं उजव्याने खाणारा मुलगा. इथे कोण बघतंय कुठल्या हाताने खातो. मी बघते. लहानपणी आईने पळीने बोटं शेकलीत, तेव्हापासून कोणी जेवायला बसलं की आधी हाताकडे नजर जाते. उजवा अंगठा सुजून बटाटा. बाही ओढून झाकलेला.
गुरुवारी त्याचा चमचा ट्रेच्या डावीकडे ठेवला. बोलले काही नाही. त्याने चमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मिसेस के, प्लीज." एवढंच. मी मान हलवली, सांगणार नाही म्हणून.
त्याचं शेवटचं वर्ष. येत्या शनिवारी इथल्या मैदानावर शेवटची मॅच. आई येणार बघायला, दोन दिवस बसने. चार वर्षांत एकदाही आली नव्हती. टीमच्या डॉक्टरला कळलं तर खेळू देणार नाहीत, म्हणून झाकाझाक.

तोच दिवस, दुपार.
घात केला. ह्यांचं सकाळच्या चहापासून बारा नंबरवर चालू. घाबरट आहे, लाडावलाय, फुकट शिकतोय. किती ऐकायचं. म्हटलं, "अंगठा गेलाय त्याचा. तुमचा गेला असता तर आठ दिवस पलंगावरून उठला नसता."
कप हातात तसाच. "कुठला अंगठा? कधीपासून?"
आठ वर्षांत पहिल्यांदा मॅचचं काही मला विचारलं. मग मीही बसून सगळं सांगितलं. छान वाटलं सांगताना. तेच आता टोचतंय.

१४, सोम.
कॉम्प्युटरवर ह्या मॅचवेड्या लोकांची एक जागा आहे, दिवसभर भांडायची. ह्यांनी तिथे नाव घेतलंय प्रोफेसर. लॅबमध्ये काचेच्या नळ्या धुतात. संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःचंच लिहिलेलं मला वाचून दाखवलं, मराठी करून. "खात्रीलायक सूत्रांकडून समजते." सूत्र इथे ओट्यापाशी कांदा चिरतंय.
खाली पानंच्या पानं उत्तरं. निम्मे म्हणतात खोटं आहे. निम्मे म्हणतात खरं असेल तर स्वार्थी आहे, दुखतंय तर खेळला कशाला. परवा हात कापत होते म्हणून शिव्या, आज दुखत होता म्हणून शिव्या. बरं वाटत असेल का, असं एकाने विचारलं नाही.
"काढून टाका ते," म्हटलं.
"अगं, आता सगळीकडे गेलं ते. मला कोण ओळखतंय तिथे?"
तुम्हाला नाही हो. मला.

१६, बुध.
काल डॉक्टरने बोलावलं बारा नंबरला. हाड तडकलंय. प्लास्टर. शनिवारी खेळणार नाही. आज नाश्त्याला आला नाही. ट्रे लावला होता, उचलून ठेवला.
मॅनेजरने सगळ्यांना उभं केलं. खेळाडूंच्या टेबलावरचं बाहेर कोण बोललं. लॉरीन रडायला लागली, उगाचच, ती भांडी धुते, तिने बघितलाही नसेल तो अंगठा. मी म्हणणार होते. ट्रे पुसत राहिले. दुसऱ्यांच्या तोंडाला नावं ठेवते मी.

१९, शनि.
पोरं आली. पोहे केले नाहीत. चिप्सची पिशवी ठेवली मध्ये.
मॅचच्या आधी शेवटच्या वर्षाची मुलं आईबापांना घेऊन मैदानात चालत येतात. बारा नंबर आला. साध्या कपड्यांत, पांढरा हात छातीशी. आई बुटकी, कोट ढगळ, कोणाचा तरी मागून आणलेला असणार. सगळीकडे हात हलवत होती, कुठे बघायचं ते कळत नव्हतं. नंतर ती बघायला बसली आणि हा तिच्याच शेजारी.
जिंकले. त्याच्या जागी नवीन पोरगं खेळलं. "मी म्हटलंच होतं बाराला बेंचवर बसवा," निखिल. ह्यांना तर कोण आनंद. प्रोफेसरची कॉलर ताठ.
मी टीव्ही बंद केला. "तीन वर्षांत बॉल हातात तरी घेतलाय का रे कोणी?"
 मग निखिलच म्हणाला, हळू. काकांनी त्याला सांगितलेलं दिसतंय सगळं. "काकू, तसं बघितलं तर अंगठा वाचला त्याचा. आणखी एक मॅच खेळला असता तर कायमचा गेला असता. यू सेव्हड हिम."
खरं असेलही. पण प्लीज तो मला म्हणाला होता. त्याने डोळे मिटून विश्वास टाकला, आणि मी एका चहाच्या कपावर देऊन टाकला.

२०, रवि.
ताईचा फोन, ती इथेच लांब अर्विंगला असते. तिला सगळं सांगितलं. म्हणते, एका खेळाडूचं एवढं काय, मॅनेजरला तरी काही बोलू नकोस, नोकरी जाईल. फोन ठेवून दिला.
ह्यांच्याशी बोलत नाही. त्यांना वाटतंय भाजी जळली म्हणून.
उद्या सहाला ट्रे. बारा नंबर परत यायला लागलाय, लॉरीन सांगत होती, शुक्रवारी माझ्या सुट्टीला येऊन गेला. विचारत होता म्हणे, मिसेस के कुठे आहेत. कशाला ते सांगितलं नाही.
चमचा डावीकडे ठेवला तर तोंडावर मारल्यासारखं होईल. उजवीकडे ठेवला तर काही बघितलंच नाही असं सोंग. ट्रेवर ठेवणारच नाही. हातात देईन. हातात दिला की समोर उभं राहावं लागेल, आणि मग सांगावंच लागेल, बोलले ती मीच.