आठ आठवड्यांचा कोर्स

३ नोव्हेंबर, सोमवार

ईश्वरीचं विटामिन डी आठ! निदान तीस तरी हवं म्हणे. चौदा वर्षांची कबड्डीपटू, रोज दोन तास घाम गाळते, आणि रिपोर्टात आठ. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मशीन चुकलं असेल. त्या हसल्या. खेळते कुठे, विचारलं. हॉलमध्ये, मॅटवर. शाळेत कशी जाते? बसने, सातच्या आत. घरी? उलव्यात दुसरा मजला, चारी बाजूंनी टॉवर. विषय संपला. आम्ही माणगावला भरदुपारी शेतात खेळायचो, ढोपरं फुटायची, पण हाडाला कधी काही झालं नाही.

महिनाभर तिची नडगी दुखतेय ती यामुळेच. एक्स-रे स्वच्छ आहे, पण दुर्लक्ष केलं तर हाडाला चीर जाईल. तीन आठवडे खेळ बंद. अकराचं ऊन, दूध, अंडी, आणि पावडरीची पुडी, दुधातून. आठवड्याला एक, आठ आठवडे.

आठ आठवडे! जिल्ह्याची निवड चाचणी १४ डिसेंबरला आहे. पुरते सहा आठवडेही नाहीत. पोरगी रिक्षात रडली. मी म्हटलं, रडतेस काय, बाप आहे ना.

४ नोव्हेंबर, मंगळवार

चारुलताने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आठ रविवारांना लाल गोल केले. बँकेतली बाई. गोल केला की तिच्या जिवाला शांतता.

५ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर डोक्यात तेच. तळोज्याच्या कंपनीत माझी ओळख काय? दुरुस्तीसाठीचा आठ दिवसांचा शटडाऊन सुभाष पाच दिवसांत काढून देतो. बावीस वर्षं हेच केलंय. इंजिनिअर लोक कागदावर लिहितात ते भीतीपोटी. टाकी तळाला गेलीय आणि आठवड्याला एक बादली ओतायची, मग भरणार कधी?

येताना मेडिकलमधून पुड्या घेतल्या. ओळखीचा आहे, चिठ्ठी मागितली नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चारुलता पावणेसातला निघते, ईश्वरीची बस सातला. मधली पंधरा मिनिटं आमची. दूध मीच दिलं. ईश्वरी हुशार, वास घेऊनच ओळखलं. म्हणाली, पप्पा, आठवड्याला एक सांगितलंय ना? मी सांगितलं, ते साध्या मुलांसाठी, तू खेळाडू आहेस. विचार केला तिने. मग म्हणाली, "म्हणजे चौदा तारखेला मी मॅटवर असेन?" म्हटलं, असशीलच. गटागटा प्यायली.

रविवारची पुडी आईची, बाकीचे सहा दिवस माझे. आईला सांगायचं नाही असं ठरलं. उगाच टेन्शन घेते.

९ नोव्हेंबर, रविवार

सेक्रेटरीकडून गच्चीची चावी आणली. अकरा वाजता बापलेक सतरंजी टाकून उन्हात! शेजारच्या जयमालाकाकू पापड वाळवायला आल्या. म्हणाल्या, अहो, काळी पडेल पोर, पुढे लग्नाचं बघायचंय. मी म्हटलं, काकू, पापडाला ऊन लागतं तसं पोरीलाही लागतं. ईश्वरी हसून हसून बेजार. काकूंनी तोंड फिरवलं. फिरवू देत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नडगी दुखायची थांबली! दाबून पाहिली, जिना चढायला लावला. काही नाही. चारुलता म्हणते, विश्रांतीने बरं वाटलं. मी मनातल्या मनात हसलो. विश्रांतीने म्हणे!

पुड्या संपत आल्या होत्या, नवीन आणल्या. गुण येतोय तर थांबवायचं कशाला? चौदापर्यंत चालू ठेवू.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज मॅटवर उतरली. पोपटसरांनी मुद्दाम मोठ्या पोरींच्या अंगावर चढाईला पाठवली. बोनस घेऊन, एकीला हात लावून परत! सर मला म्हणाले, "तीन आठवडे घरी बसून पोरगी उलट चपळ होऊन आली. काय खायला घालता?" मी म्हटलं, सिक्रेट आहे.

जिल्ह्यात निवडली जाणार. लिहून ठेवतो.

२ डिसेंबर, मंगळवार

पाण्याच्या दोन बाटल्या शाळेत पुरत नाहीत म्हणते. सारखी बाथरूमला पळते, बाई ओरडल्या. घाम गाळणाऱ्याला तहान लागणारच. मोठी बाटली घेऊन दिली.

जेवण मात्र कमी झालंय. सुरमई तळली होती, तरी अर्धी ठेवली. चारुलताने बघितलं. मी म्हटलं, वजनगटाची काळजी करतेय.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी उलटी. चार दिवस पोटही साफ नाही. चारुलताने पाचवा गोल खोडून पुडी दिली, तीही अर्ध्या तासात बाहेर आली. दवाखान्यात जाऊ या म्हणाली. मी अडवलं. चाचणीचं दडपण आहे, दुसरं काय. माणगावात फायनलच्या आदल्या दिवशी मी स्वतः भात ओकलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी सहा गडी मारले. आता डॉक्टरांकडे गेलं की परत खेळ बंद. आठवडाच राहिलाय. चाचणी होऊ दे, सोमवारी नेतो.

संध्याकाळी सरावात मध्येच खाली बसली. पोपटसरांनी घरी पाठवली. वाटेत म्हणाली, पप्पा, पाय जड झालेत. मी म्हटलं, सात दिवस कळ काढ, राणी.

९ डिसेंबर, मंगळवार

दूध नको म्हणाली. नाक धरून पी म्हटलं. प्यायली.

१० डिसेंबर, बुधवार

उठलीच नाही. हाक मारली तर ओ देते, पण शब्द ओढून ओढून. चारुलता अर्ध्या वाटेतून परत आली, मला न विचारता रिक्षा बोलावली. ॲडमिट केलं. सलाईन चालू, रक्त घेतलं. अशक्तपणा असणार. उद्यापर्यंत उभी राहील, मग तीन दिवस हातात आहेत. पोपटसरांना मेसेज केला, नाव काढू नका.

११ डिसेंबर, गुरुवार

रक्तात कॅल्शियम भयंकर वाढलंय, किडनीवर ताण आलाय. डॉक्टरीणबाईंनी चारुलतासमोर विचारलं, पुड्या किती झाल्या? ईश्वरीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "रविवारी एक. पाच झाल्या." बाईंनी लिहून घेतलं. मग दुसरंच काही कारण शोधावं लागेल म्हणाल्या, कसकसल्या तपासण्यांची नावं घेतली. दारापर्यंत पोचल्या.

मग म्हणालो, "खोटं बोलतेय ती. रोज एक. मी देत होतो."