दोन्ही हात बटणांवर

३ जानेवारी

चि. मुंगीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या वडिलांचे, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे, लांबलचक पत्र आले. त्यात ‘अब्रू’ हा शब्द ओळीओळीला आहे. तुला लागले का, हा प्रश्न मात्र कुठेच नाही. मला एवढेच कळले, की छापखान्यात तू सुपरवायझरचे नाक फोडलेस, त्याच्या मनगटावर ठोकळा हाणलास आणि आता चौकशी समिती बसली आहे. ‘रागाच्या भरात घडले, क्षमा असावी’ या मजकुराखाली सही केलीस तर नोकरी राहील, नाहीतर जाईल. मुलीच्या जातीला हात उचलणे शोभत नाही, असे बाबांचे मत. तुझा भाऊ रोज गल्लीत कुणाची ना कुणाची गचांडी धरत असे, तेव्हा हेच गृहस्थ पोरात रग आहे म्हणून मिशीत हसत.

तरीही भाची म्हणून तुला सूट नाही. मी जन्मभर कायदा शिकवला आहे आणि मारामारीची मला किळस आहे. पहिल्या फटक्यानंतर धोका संपला होता का? संपला असेल तर दुसरा फटका सूड ठरतो, आणि मग माफी मीच मागायला लावीन. सगळे क्रमाने लिही. विशेषणे वगळ.

माया आहेच, ती दर पत्रात लिहायला लावू नकोस.

तुझी आत्या

७ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

विशेषणे वगळली. सुपरवायझरला शोभेल असे एकही छापण्याजोगे नव्हते, तेव्हा नुकसान नाही.

आमच्या कागद कापायच्या मशीनला दोन बटणे आहेत, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबून धरली तरच पाते खाली येते. एक हात सुटला की ते मध्येच थांबते आणि गठ्ठा वाया जातो. कामगाराची बोटे पात्याखाली जाऊ नयेत म्हणून केलेली ही सोय. सुपरवायझरने तिच्यात स्वतःची सोय पाहिली. बाईचे दोन्ही हात गुंतले की हा मागून येतो. त्या दिवशी त्याने माझ्या कमरेला विळखा घातला. हात अडकलेले, डोके मोकळे. ते मी मागे हाणले. वळून पाहते तो त्याच्या एका हातात स्वतःचे नाक आणि दुसऱ्यात माझी वेणी. पाने सारखी करायचा लाकडी ठोकळा मनगटावर मारला, तेव्हा वेणी सुटली. तिसरा फटका मारला नाही. मारावासा वाटला, हेही कबूल.

समितीत तीन साहेब आहेत. ओरडली का नाहीस, असे त्यांनी विचारले. त्या घरघरीत स्वतःची शिंकही ऐकू येत नाही. मग म्हणाले, हात काढून सरळ बाजूला का झाली नाहीस. जवळच पुस्तके शिवत बसलेल्या शिलाईवाल्या काकूंनी आपण काही पाहिले नाही असे सांगितले. त्यांच्या एकटीच्या पगारावर घर चालते. मला त्यांची चीड येते, आणि धड येतही नाही.

सही सोमवारी. बाबा म्हणतात, कर आणि मोकळी हो. तू काय म्हणतेस?

रागवायचे तर पत्रातच रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी मुंगी

१० जानेवारी

चि. मुंगीस आशीर्वाद.

वेणी त्याच्या मुठीत होती तोवर धोका संपलेला नव्हता. ती सुटली आणि तू थांबलीस. वर्गात उदाहरण म्हणून रचायला बसले असते तरी याहून रेखीव स्वसंरक्षण मला सुचले नसते. तिसऱ्या फटक्याची इच्छा हा गुन्हा नव्हे; ती मलाही झाली.

सही करू नकोस. ‘रागाच्या भरात’ असे मान्य केलेस की तुझा बचाव पुसला जातो, उरते ती फक्त मारहाण. त्याच्या विळख्याला त्या कागदावर जागाच नाही. नोकरी गेली तर माझ्याकडे खोली आहे. तिथे पुस्तके तुझ्यापेक्षा शिस्तीत राहतात, त्यांच्याकडून शिकशील.

राहिले ते तीन विद्वान. आयुष्यभर भिंतीला खुर्ची टेकून बसलेल्या माणसाला आपल्याला पाठ आहे हेच ठाऊक नसते. बाजूला होणे इतके सोपे असेल तर त्यांना एकदा ती बटणे दाबून दाखवायला सांग.

तुझ्या वडिलांना वेगळे पत्र लिहिले आहे. ते तो कुणाला दाखवणार नाही.

घाबरलीस तरी चालेल, वाकू नकोस.

आत्या

१५ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सांगितलेस तसे केले. अध्यक्षांनी बरेच आढेवेढे घेतले, मग कोट सावरून मशीनपाशी उभे राहिले आणि फीत कापल्याच्या थाटात दोन्ही बटणे दाबली. पाते निम्मे उतरले असेल, तोच शिलाईवाल्या काकू उठल्या आणि त्यांच्या मागे अगदी खेटून उभ्या राहिल्या. मी काकूंना काही सांगितले नव्हते. स्पर्श नाही, शब्द नाही. साहेबांच्या मानेवर नुसता श्वास. साहेब असे दचकले की कोपर मागे आला आणि काकूंचा चष्मा उडाला. पाते थांबले. गठ्ठा वाया.

काकूंनी चष्मा उचलला आणि साहेबांना कसला राग आला होता, असे विचारले. राग कसला, मागे कोण आहे तेच कळेना, असे ते म्हणून गेले. मग काकूंनी बजावले, की त्या दिवशी आपण सगळे पाहिले होते, आता लिहून घ्या.

माफीचा कागद कुणी पुढे केला नाही. सुपरवायझरला काढले, निरोपाला त्याचे नाक अजून पट्टीत होते. वाया गेलेला गठ्ठा माझ्या नावावर मांडायचा का, असे मात्र कारकुनाने विचारून घेतलेच.

आज पुन्हा मशीनवर उभी राहिले आणि बटणांवर हात ठेवताच पाठ आखडली. काकूंनी आपले स्टूल उचलले, माझ्या मागे आणून ठेवले आणि माझ्याकडे पाठ करून शिवत बसल्या. चष्म्याची काडी शिलाईच्या दोऱ्याने बांधली आहे. मी पाते खाली घेतले.

तुझी खोली तूर्त पुस्तकांनाच राहू दे. माझी जागा तुझ्या मनात ठेव.

तुझी मुंगी