आमच्या घराण्यातला दरोडेखोर

३ मार्च
आत्या बोलता बोलता सांगून गेली: तुझ्या पणजोबांचं नाव एका दरोड्याच्या खटल्यात होतं, पण घरात विषय काढू नकोस. अंगावर काटा आला. आनंदाचा! चोवीस वर्षं विमा कंपनीत कारकुनी केली तरी माझा स्वभाव मुळात धाडसी का, ते आज कळलं. बायको म्हणाली, कुत्रा भुंकला तरी तुम्ही रस्ता ओलांडता. तिला रक्तातलं काही कळत नाही.
निश्चय: या विषयावर पुस्तक. शिवाय मिशी.

७ मार्च
कोर्टाची रेकॉर्ड रूम. दोन टेबलं, एक पंखा. रेकॉर्डकीपर म्हणाला, नव्वद वर्षांपूर्वीचे कागद आहेत, हळू उलटा. शिंका फार आल्या. लवकर निघालो.

१४ मार्च
पणजोबा सापडले! मात्र आरोपींत नाहीत. सरकारी साक्षीदार नंबर चार. शपथेवर सांगितलंय, दरोड्याच्या जागी मी या आरोपी सुताराला डोळ्यांनी पाहिलं. दरोड्यात खूनही झाला होता. सुताराला फाशी.
पणजोबा म्होरके असणार. शिताफीने निसटले.

१८ मार्च
आत्याच्या ट्रंकेत पणजोबांचं पोस्टातलं सर्व्हिस बुक मिळालं. त्यात रजेची नोंद: दरोड्याच्या आठवड्यात ते पाय मोडून दुसऱ्या शहरात दवाखान्यात. म्हणजे पाहिलं काय, कपाळ?
आत्या म्हणाली, वरच्या साहेबांनी सांगितलं, तसं ते कोर्टात बोलले. मग बढती झाली. त्यावरच आपण सगळे शिकलो रे.
मिशी काढली.

२० मार्च
जेवताना टेबल करकरलं. मग दार. बायको म्हणाली, लाकूड आहे, वाजणारच. घरात केवढं लाकूड आहे! कधी लक्षातच आलं नव्हतं. दुपारी खुर्चीवर टेकवेना. जमिनीवर बसून चहा घेतला. पाठीमागे कोणीतरी सावकाश रंधा मारत होतं. वळून पाहिलं नाही. मानेला त्रास आहे.

२४ मार्च
रेकॉर्ड रूममध्ये एक आजी. रेकॉर्डकीपर म्हणाला, यांचाही तोच खटला. सुताराची नात! म्हणाल्या, "आजोबा शेवटपर्यंत ओरडत होते, तो साक्षीदार तिथे नव्हताच. माझी आई जन्मभर फाशीवाल्याची पोर म्हणून जगली. एक कागद मिळाला, तरी डोळे मिटायला मोकळी."
सर्व्हिस बुक माझ्या पिशवीत होतं.
मग आजींनी विचारलं, "तुम्ही कोणाचे?"
"कोणाचाच नाही. अभ्यास करतोय."
निश्चय: उद्या सगळं सांगायचं.

२५ मार्च
मानेमुळे गेलो नाही.

२६ मार्च
बस चुकली. दोन्ही.

२८ मार्च
उपाय सुचला! सर्व्हिस बुकची झेरॉक्स रेकॉर्ड रूमला पोस्टाने. पाठवणाऱ्याचं नाव नाही. हलकं वाटलं. खुर्चीवर बसलो. उठलो.

२ एप्रिल
गेलो. आजींच्या हातात माझी झेरॉक्स. रेकॉर्डकीपर त्यांना समजावत होता: निनावी कागद फाइलला लागत नाही. मूळ पुस्तक हवं, आणि हे आमच्या घरातलं आहे असं लिहून देणारा कोणी हवा.
आजी माझ्याकडे वळल्या. "तुम्ही एवढा अभ्यास करता. त्या घरातलं कोणी उरलं असेल का हो?"
मी म्हणालो, वाटत नाही.